मॅग्नेटो काढू नका

जुन्या मोटारसायकलींच्या दुनियेत सध्या एक सल्ला फुकट आणि मुबलक मिळतो. गाडी दहा किका मारूनही चालू होईना, किंवा चालू होऊन तापल्यावर बंद पडू लागली, की समोरचा म्हणतो, "मॅग्नेटो काढून टाका, इलेक्ट्रॉनिक किट बसवा." पुण्या-मुंबईकडे जुन्या गाड्या नव्याने उभ्या करून देणारे व्यावसायिक हेच सांगतात, परभणी-नांदेडच्या गॅरेजांतले मिस्त्री हेच सांगतात, आणि आजोबांची गाडी वारशाने मिळालेले मालकही आता हेच बोलू लागले आहेत. कारणे ठरलेली असतात. आपल्याकडच्या उन्हात मॅग्नेटो टिकत नाही, तो दुरुस्त करणारे राहिले नाहीत, आणि ते तंत्रच आता मोडीत निघाले. हा सल्ला चुकीचा आहे. त्यापायी मराठवाड्यात उरलेल्या मोजक्या गाड्यांचे कायमचे नुकसान होते आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

आधी कोणत्या गाड्यांबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करतो. सगळ्याच जुन्या गाड्या मॅग्नेटोच्या नव्हत्या. म्हैसूरच्या जावा आणि येझदी बॅटरी-कॉइलवर चालत. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन हार्ले डब्ल्यूएलएसुद्धा बॅटरी-कॉइलचीच. वाद आहे तो मुख्यतः ब्रिटिश गाड्यांचा: बीएसए एम-२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी-३एल, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या बुलेट. युद्धानंतर लष्करी साठ्यांतून निघालेल्या अशा गाड्या देशभर हातोहात फिरल्या. परभणी, जिंतूर, गंगाखेडकडे त्यांतल्या ज्या थोड्या उरल्या असतील त्यांतली प्रत्येक मोलाची आहे.

या गाड्यांचा मॅग्नेटो बॅटरीकडे काहीही मागत नाही. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये आर्मेचर फिरते. त्यावर जाड तारेचे थोडे वेढे असतात आणि त्यांच्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. आतल्या वेढ्यांतली वीज ऐन भरात असताना पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि बाहेरच्या वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उभा राहून प्लगवर ठिणगी पडते. प्रवाह झटक्यात तुटावा, पॉइंटवरच ठिणगी जळून जाऊ नये, यासाठी कंडेन्सर असतो. फोर-स्ट्रोक गाडीत इंजिनाच्या दोन फेऱ्यांना मॅग्नेटोची एक फेरी. बस, एवढाच कारभार. बॅटरी बसली, डायनॅमो जळाला, दिव्याची वायर तुटली, तरी गाडी माणसाला घरी आणते. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. पुढची किमान पन्नास वर्षे रस्त्यावर, शेतात आणि आकाशात असंख्य इंजिने याच यंत्रावर धावली.

आता उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, हे खरे. पण या गाड्या घडल्या कशासाठी आणि वापरल्या गेल्या कुठे, हे सल्ला देणारे विसरतात. बीएसएने युद्धकाळात सुमारे सव्वा लाख एम-२० बनवल्या. त्या आणि नॉर्टन १६एच उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात निरोप पोचवत धावल्या. तिथला उन्हाळा परभणीपेक्षा सौम्य नव्हता आणि धूळ तर आपल्यापेक्षा जास्तच. त्यांचे मॅग्नेटो तेव्हा त्या उन्हात चालत होते. मग आज का चालत नाहीत? कारण तेव्हा ते नवे होते. आज त्यांच्या आत ऐंशी वर्षांपूर्वीची लाख आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा कंडेन्सर आहे. त्या काळी वेढ्यांना शेलॅक, म्हणजे लाखेचा लेप देत. ही लाख आपल्याच छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जायची. उष्णतेने लाख मऊ होते, आणि जुनी झाली की वेढ्यांमधून बाहेर झिरपते. कंडेन्सरचे आवरणही काळाने कमजोर होते. थंड असताना तो धरतो, तापला की गळू लागतो. सकाळी एका किकेत चालू होणारी गाडी वीस मिनिटांनी बंद पडते आणि अर्धा तास झाडाखाली उभी केली की पुन्हा चालू होते, हे दुखणे बहुतेक वेळा याचेच. ते वयाचे आहे, हवामानाचे नाही. नवा कंडेन्सर आणि आधुनिक लेपाचे नवे वेढे घातले की तोच मॅग्नेटो त्याच उन्हात मुकाट चालतो.

उन्हाचाच हिशेब मांडायचा तर बॅटरीचाही मांडा. लेड-ॲसिड बॅटरीचे पाणी उन्हात आटते आणि तिचे आयुष्य झपाट्याने घटते, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा. रोज चालणाऱ्या गाडीची बॅटरी निदान चार्ज तरी होत राहते. जुनी गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर निघते आणि उरलेले दिवस पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. तिची बॅटरी सणासुदीला हमखास बसलेली. शिवाय या गाड्यांचा सहा व्होल्टचा डायनॅमो हळू चालताना धड चार्जच करत नाही, आणि बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक किटना मात्र सतत पुरेसा व्होल्टेज लागतो. म्हणजे उन्हाला घाबरून आपण गाडीची ठिणगी उन्हात सगळ्यात आधी मरणाऱ्या वस्तूला बांधून टाकतो.

मॅग्नेटो खरोखर बिघडतात, हे मी नाकारत नाही. पण माझ्या पाहण्यात आलेल्या बऱ्याच 'मेलेल्या' मॅग्नेटोंचे खरे दुखणे ते इंजिनावर ज्या जागी बसतात तिथे होते. सल्ला देणारे ती जागा तपासतच नाहीत.

मॅग्नेटोची बैठक हा या गाड्यांचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. एकेरी सिलिंडरच्या गाड्यांत तो साधारणपणे सिलिंडरच्या मागे एका सपाट मंचावर बसतो. कुठे खालून बोल्टने आवळलेला, कुठे वरून पोलादी पट्ट्याने. ट्रायम्फसारख्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांत तो सिलिंडरच्या मागे, टायमिंग केसच्या आतल्या तोंडाला फ्लँजने जोडलेला असतो. कुठे गिअर त्याला फिरवतात, कुठे चेन. पद्धत कुठलीही असो, मॅग्नेटोचा आस आणि त्याला फिरवणारा गिअर किंवा चेन एका रेषेत, योग्य अंतरावर असले पाहिजेत. हे अंतर बिघडले की काय होते ते डोळ्यांनी पाहता येते. गिअर जास्त घट्ट बसले तर इंजिन चालू असताना बारीक, सतत कण्हल्यासारखा आवाज येतो आणि बेअरिंगवर नको तो भार पडतो. सैल बसले तर ठिणगी प्रत्येक फेरीला थोडी मागेपुढे पडते, मंद चालताना गाडी अडखळते, आणि मालकाला वाटते की कार्बोरेटर बिघडला. चेन असेल तर ती एका जागी ताणलेली आणि अर्धी फेरी फिरवल्यावर सैल, असे बरेचदा आढळते. म्हणजे स्प्रॉकेट वाकडे आहे किंवा मंच.

हे सुधारायला मंच आणि मॅग्नेटो यांच्यामध्ये पातळ शिम घालतात. आमच्याकडे शिमऐवजी पत्र्याचा डबा कापून तुकडा घालतात, तोही एका बाजूला दोन पदरी आणि दुसऱ्या बाजूला एक. बोल्ट आवळले की बूड तिरपे होते, आस वाकडा फिरतो, बेअरिंग जाते. दोष मात्र मॅग्नेटोच्या माथी. शिम पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा, संपूर्ण बुडाखाली एकसारख्या जाडीचा असावा, आणि त्याआधी मंच खरोखर सपाट आहे का ते पट्टीच्या धारेने तपासावे. अर्ध्या तासाचे काम. तेवढा धीर न धरता मॅग्नेटो बदलण्याचा सल्ला दिला जातो.

दुसरी चूक अलीकडची आहे आणि ती पैसेवाल्या मालकांकडून होते. गाडी नवी दिसावी म्हणून क्रँककेस आणि मंच पावडर कोटिंगला किंवा जाड रंगाला दिले जातात. प्लगवर पडलेल्या ठिणगीला इंजिनाच्या अंगातून मॅग्नेटोच्या अंगात परतायचे असते, त्याशिवाय चक्र पूर्ण होत नाही. मंचावर रंगाचा थर बसला की ती वाट बोल्टच्या आट्यांपुरती उरते, आणि आट्याही रंगवलेल्या असतील तर तेवढीही राहत नाही. गाडी कधी चालते, कधी नाही. बुडाखालचा आणि मंचावरचा रंग एमरी पेपरने घासून उघडा धातू बाहेर काढला की गाडी सुधारते. ज्या मालकाने रंगावर हजारो रुपये घातले तो हे करायला तयार होत नाही. त्याला नवे किट घेणे सोपे वाटते.

तिसरी गोष्ट लुकासच्या मॅग्डायनोची. मॅग्नेटोच्या पाठीवर डायनॅमो बसवलेले हे जोडयंत्र. डायनॅमो पट्ट्याने धरलेला असतो आणि तो पट्ट्यात किंचित फिरवला की त्याच्या दात्यांची जवळीक बदलते. हे ज्यांना माहीत नाही ते पट्टा नुसता जोरात आवळतात. आतला फायबरचा गिअर त्या जवळिकीने झिजतो, त्याचे दाते मोडतात. मग सगळेच बाहेर फेकले जाते.

आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. मॅग्नेटोच्या आसाचे टोक निमुळते, टेपर असते. गिअर त्या टेपरवर नुसत्या घर्षणाने पकडून राहतो, बऱ्याच गाड्यांत चावीसुद्धा नसते. टेपर तेलकट राहिला तर गिअर सरकतो आणि टायमिंग जाते. हे टाळायचे तर टेपर पेट्रोलने धुऊन कोरडा करून मग नट आवळायचा. पण मिस्त्री काय करतात? टेपरवर पंचाने ठोकून खाचा पाडतात, म्हणे पकड येते. पकड येत नाही, उलट टेपर कायमचा जातो. टायमिंग लावायची जुनी रीत आजही तितकीच बिनचूक आहे. प्लगच्या भोकातून पिस्टनची जागा मोजायची, पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद घालायचा, तो हलकेच ओढत गिअर फिरवायचा, आणि कागद सुटेल त्या क्षणी थांबायचे. लुकासच्या पॉइंटमधले अंतर ०.०१२ इंच. एक फीलर गेज, एक कागद आणि थोडा वेळ, याहून जास्त काही लागत नाही.

मॅग्नेटोची खरी मर्यादाही सांगतो. त्याची ठिणगी वेगावर अवलंबून असते. किक हळू मारली तर ठिणगी दुबळी, आणि बॅटरी-कॉइल तिथे नक्कीच सरस. किक मारताना या गाड्यांच्या हँडलवरची ॲडव्हान्स-रिटार्डची, म्हणजे ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडणारी, मूठ वापरायची असते. रिटार्ड करायचे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या पुढे आणायचा आणि मग पूर्ण वजनाने एक किक मारायची. ही रीत शिकावी लागते, पण न शिकता दहा हळू किका मारून यंत्राला नावे ठेवणे हा न्याय नव्हे.

दुरुस्त करणारे राहिले नाहीत, हे अर्धसत्य आहे. बारीक तारेचे वेढे घालणे हे बोअरची मोटर भरणाऱ्याचे काम नाही, हे मान्य. ती तार इतकी नाजूक असते की हाताने ओढली तर तुटते. ते काम जाणकाराकडेच पाठवावे लागते. पण बेअरिंग, कार्बन ब्रश, पिकअपची भेग, स्लिप रिंगची सफाई, पॉइंट, कंडेन्सर, बैठक, टायमिंग, यांतले काहीही परभणीच्या गॅरेजात होऊ शकते. पॉइंटच्या मागे बसणारे छोटे कंडेन्सर आता मिळतात, आर्मेचर उघडण्याचीही गरज पडत नाही. उलट किट बिघडले तर? जिंतूर रस्त्यावर उन्हात उभे राहून त्याच्या काळ्या डबीकडे पाहत बसायचे. तिच्यात घासायला, कसायला, बदलायला काही नसते. सुटा भाग परदेशातून किंवा पुण्याहून येईपर्यंत गाडी उभी.

मोडीत निघालेले तंत्र, या आरोपाचे उत्तर तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली. लूनाला बॅटरीच नव्हती. फ्लायव्हील मॅग्नेटोवर तिची ठिणगी चाले आणि त्यावरच तिचा दिवा. मराठवाड्यातला शिक्षक, दूधवाला, पोस्टमन, आठवडी बाजारात भाजी नेणारा माणूस, सगळे तिच्यावर बसून काळ्या मातीच्या चिखलातून आणि मेच्या फुफाट्यातून फिरले. उन्हात मॅग्नेटो चालत नाही असे तेव्हा कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. लूनानंतर आलेल्या बजाज एम-८० ची कथाही तीच. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा गवगवा झालेली हीरो होंडा सीडी-१०० सुद्धा आपल्या सीडीआयला वीज पुरवायची ती फ्लायव्हील मॅग्नेटोनेच. बॅटरी बाहेर काढून ठेवली तरी ती किकेवर चालू होत असे, आणि गावोगाव लोकांनी ती तशी चालवली. आकाशाकडे पाहायचे तर वैमानिक ज्यावर शिकतात त्या सेस्ना १७२ च्या पिस्टन इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी वैमानिक एकेक बंद करून दोन्ही तपासतो. मॅग्नेटो तिथे असतात ते विमानाची वीज पूर्ण गेली तरी इंजिन चालू राहावे, यासाठी. ज्या यंत्रावर माणसे आजही आकाशात जीव सोपवतात, ते रविवारच्या फेरीसाठी कालबाह्य कसे ठरते?

आता कायद्याचे बोलतो, कारण ते नव्या मालकांना सगळ्यात लवकर कळेल. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि चासिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. मॅग्नेटो काढून जागच्या जागी परत बसवता येईल असे किट लावणे हा फेरफार आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण किटची प्लेट आणि अल्टरनेटर मावावा म्हणून क्रँककेसच्या मंचाचे कान ग्राइंडरने उडवले, तर तो इंजिनातला फेरफार आहे, यात वाद कसला? एका युद्धकाळातल्या गाडीचा असा मंच मी पाहिला आहे. कापलेल्या ॲल्युमिनियमवर चांदीचा रंग मारून कड लपवलेली होती. ती गाडी आता कुणीही, कितीही खर्च करून, मूळ रूपात आणू शकत नाही. वेल्डिंग करून उभा केलेला मंच वेल्डिंगच्या उष्णतेने वाकू शकतो आणि मग त्यावर आस सरळ राहत नाही.

याहून वाईट आहे ते ढोंग. मॅग्नेटोचे आतले सगळे काढून टाकायचे, रिकाम्या कवचात कॉइल लपवायची आणि प्रदर्शनात मूळ मॅग्नेटोची गाडी म्हणून उभी करायची. बघणाऱ्या मुलाला कवच दाखवून त्याची फसवणूक होते, आणि पुढच्या मालकाला तर किमतीसकट फसवले जाते. ज्यांना मॅग्नेटो नकोच आहे त्यांनी उघडपणे सांगावे. त्यांच्यासाठी एक प्रामाणिक मार्गही आहे. इंग्लंडमध्ये बीटीएच या जुन्याच नावाने असे इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो बनतात की जे जुन्याच बैठकीवर बसतात आणि स्वतःची वीज स्वतः तयार करतात. बॅटरी लागत नाही, मंच कापावा लागत नाही, आणि मूळ मॅग्नेटो कपाटात सुखरूप ठेवता येतो. मी तो बसवणार नाही. पण जो बसवेल त्याच्याशी माझे भांडण नाही, कारण त्याने पुढच्या पिढीचा हक्क हिरावलेला नाही.

परभणी जिल्ह्यातल्या आणि एकूण मराठवाड्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना माझी विनंती एवढीच आहे. गाडी नीट चालत नसेल तर मॅग्नेटोवर हात घालण्याआधी त्याची बैठक बघा. बोल्ट सोडा, मंचावरचा रंग घासून काढा, शिम तपासा, टेपर धुऊन घ्या, पॉइंटचे अंतर मोजा, कंडेन्सर बदला. तरीही जमले नाही तर तो जाणकाराकडे पाठवा, त्याला महिने लागले तरी चालेल. ज्यांनी याआधीच काढून ठेवला असेल त्यांनी तो भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नये, तेल लावून, चिंधीत गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून ठेवावा. आणि तुमच्या क्रँककेसवर कुणी ग्राइंडर लावायला निघाला, तर गाडी त्याच्या गॅरेजातून त्याच दिवशी घरी आणा.